आपापला खडा

या सगळ्यात सार्थकला काय मिळणार होतं ते आधी मांडतो. सार्थक माझा जावई. सात महिन्यांपूर्वी त्याने बरी नोकरी सोडली आणि रविवारच्या सहली काढायचं डोक्यात घेतलं. पंचवटी आणि त्र्यंबक सगळेच बघतात, आपण कोणी न पाहिलेलं दाखवायचं, असा त्याचा विचार. पहिली सहल जमली असती तर त्याला धंदा मिळणार होता, माझ्या निकिताला चारचौघांत सांगण्यासारखा नवरा, आणि मला संध्याकाळची शांतता. उज्वलाला, म्हणजे माझ्या बायकोला, काहीच मिळणार नव्हतं. तिचा डावा गुडघा दुखत होता. मी डबा गाडीतच विसरेन एवढ्या खात्रीवर ती आली.

माझ्याकडे माणसं मोजायचं काम होतं. ओझरच्या विमान कारखान्यात मी एकतीस वर्षं हत्यारांच्या खिडकीवर बसलो. कामगार आपल्या नंबरचा पितळी बिल्ला देणार, पाना नेणार. पाना परत आला की बिल्ला परत. एक जरी बिल्ला खिळ्यावर लटकत राहिला तरी विमान जागचं हलत नाही, कारण पाना आत कुठेतरी राहिलेला असतो. ही सवय घरीही आली. लग्नाकार्याला निघालो की मी गाडीत डोकी मोजायचो आणि उज्वला मागच्या सीटवरून दर वेळी विचारायची, "मला मोजलंत का?"

गावाचं नाव लिहीत नाही. सिन्नरच्या पुढे आत वळायचं, कांद्याची शेतं संपली की माळ लागतो. माळावर एक लिंब आणि बारव राखणाऱ्या सिंधुबाईंचं पत्र्याचं घर. बारव दिसतच नाही. वीस पावलांवर गेलं की सपाट जमीन एकदम उघडते आणि खाली काळ्या दगडाच्या पायऱ्या उतरत जातात. चौतीस पायऱ्या, प्रत्येक गुडघ्याएवढी उंच. बांधणाऱ्यांचे पाय लांब असावेत, किंवा त्यांना कोणी लवकर वर यायला नको असावं. दोन्ही बाजूंना कोनाडे, एकातही देव नाही. चुन्याचा कण न वापरता दगड असे बसवलेत की सांध्यात नख जात नाही. एवढी चांगली जागा, पण पारवा एकही नव्हता. वर लिंब असून पाण्यावर पानही नव्हतं.

तोंडाशी एक लांब कट्टा आहे. त्यात वाटीएवढे खळगे, एका रांगेत. शेजारी खड्यांचा ढीग.

"एकेक खडा ठेवा आन् मग उतरा," सिंधुबाई म्हणाल्या. "वर आल्यावर आपापला उचलायचा, ढिगात टाकायचा."

"का हो, मावशी?" सार्थकने मोबाइल रेकॉर्डिंगला लावून विचारलं.

"का म्हंजे? खाली किती हायेत ते कळाया नको?"

मला हे फार आवडलं. शेवटी कोणीतरी रीतसर माणूस भेटला. आम्ही सहाजण होतो: आम्ही चौघं आणि गंगापूर रोडच्या तेजल आणि सरिता. सहा खडे ठेवले. उज्वलाने पांढरी गारगोटी निवडली, कपाळावरची मरून टिकली काढून तिच्यावर चिकटवली.

"आई, हे काय?" निकिता हसली.

"तुझे बाबा तिथे बिल्ले वाटायचे. माझा नंबर नको?"

रांगेच्या टोकाला, उज्वलाच्या खड्याशेजारी, सातवा खडा होता. तोही पांढरा, पण धुळीने मळलेला. सहा माणसं आणि सात खडे. माझ्या डोक्यात ते खुपलं. विचारलं तर सिंधुबाई म्हणाल्या, "तो आधीपासून हाय. त्याला नका हात लावू."

खाली गारठा होता. उन्हाची तिरीप सहाव्या पायरीवरच थांबत होती. आमचे आवाज पाण्यापर्यंत जात आणि जरा उशिरा परत येत, कोणीतरी ऐकून घेऊन मग सोडल्यासारखे. पाऊण तासात सगळ्यांना वर जायची घाई झाली. भराभर बाटल्या पिशव्यांत गेल्या.

मी सगळ्यांत पुढे, वर मोजायला. सगळ्यांत मागे उज्वला, भिंतीला हात लावत, तीन पायऱ्यांनी थांबत. तिला पुन्हा वाकायला नको म्हणून मी तिच्याकडे बघतबघतच तिचा खडा उचलला. चष्मा गळ्यात लोंबत होता. पांढरा खडा हाताला लागला, तो खिशात टाकला. वर आल्यावर तीच टाकेल ढिगात, म्हटलं.

शेवटच्या दहा पायऱ्या ती न थांबता चढली.

सहा उतरले होते, सहा वर आले. कट्ट्यावर एक पांढरा खडा उरला होता, जसा आधी होता. हिशेब जुळला. मी खूश होऊन गाडीत बसलो, डोकी मोजली. मागून कोणी काही विचारलं नाही.

घरी शर्ट धुवायला टाकताना खिशातला खडा निघाला. त्याच्यावर टिकली नव्हती. पडली असेल, असं म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. उज्वला उभ्याने पाणी पीत होती. चौथा तांब्या. कपाळावर मरून टिकली होती.

"ही कधी लावलीस?"

"कपाळावरच होती की."

तिचा गुडघा त्या दिवसापासून दुखला नाही. आता ती खाली बसून फरशी पुसते. निकिता म्हणते, आईला हवापालट मानवला. भाजीत मीठ तेवढंच पडतं, आवाज तोच, हातावरचा भाजल्याचा डागही तिथेच. फक्त झोपेत कूस बदलत नाही. मी रात्रभर जागा राहून पाहिलंय. कारखान्यात असं एकदा झालं होतं. खिळे सगळे रिकामे, रॅकवर पाने बरोबर, आणि एक पाना भलत्याच नंबरचा.

मंगळवारी एसटीने सिन्नर गाठलं, पुढे जीप. कट्ट्याच्या टोकाला पांढरा खडा होता. बोटाने धूळ सारली, तर त्याच्यावर टिकली. दोनच दिवस झाले होते, पण टिकलीचा रंग विटून गुलाबी पडला होता आणि खड्यावर बोटभर धूळ.

"दुसऱ्याचा उचलला का, भाऊ?" सिंधुबाई मागे येऊन उभ्या होत्या.

"बायकोचा म्हणून उचलला."

"बायको म्हंजे दुसरीच की."

मी पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन हाक मारली. आवाज उशिरा परत आला.

"नुसता उचलून नाय चालायचं," त्या म्हणाल्या. "दुसरं कुणी चढत असतानाच उचलायचा. एक वर यायचा तर एक राहिला पायजे. आमच्या घरातलं कुणी म्हणून उतरत नाय."

मी स्वतः उतरू शकलो असतो. खरं सांगतो, तोही विचार केला. पण मी खाली राहिलो तर वर खडा उचलणार कोण, असं कारण मला लगेच सापडलं. चांगलं कारण होतं. घरी येऊन मी तिलाच विचारलं, "रविवारी पुन्हा येतेस का बारवेला?"

"मी नाही बाई," ती म्हणाली. "काय ठेवलंय तिथे?"

सार्थकच्या सहली जोरात चालल्या. मी दर रविवारी जातो. खडे मीच वाटतो, लोकांना गंमत वाटते. टिकली मी नखाने खरवडून काढली आणि खडा धुऊन ठेवला. तीन रविवार सगळ्यांनी आपापलेच उचलले.

चौथ्या रविवारी देवळ्याचे कांद्याचे व्यापारी नवनाथ आले, बायकोला घेऊन, स्वतःच्या गाडीने. लताबाई पायात बूट घालून टणाटण उतरल्या. फोटो काढायला खालीच रेंगाळल्या. त्यांना मी पांढरी गारगोटी दिली होती. "घ्या ताई, ओळखायला बरी." ती मी उज्वलाच्या खड्याशेजारच्या खळग्यात ठेवायला लावली.

नवनाथशेठ धापा टाकत आधी वर आले. त्यांनी आपला खडा ढिगात टाकला.

"ताईंचाही घ्या की," मी म्हणालो. "त्यांना वाकायला नको."

"यातला कोणता हो?"

सिंधुबाई दारातून बघत होत्या.

मी बोट दाखवलं.

लताबाई वर येत होत्या. अर्ध्यावर त्या थांबल्या.

डावा हात भिंतीला लावला.

मग तीन पायऱ्या चढल्या आणि थांबल्या. पुन्हा तीन.

"काय गं, गुडघा धरला का?" नवनाथशेठ हसले. त्यांनी हात दिला, तिने तो धरला. बूट लताबाईंचे, चेहरा लताबाईंचा. माझ्याकडे तिने ओळखीच्या नजरेने पाहिलं नाही.

मी तिचं नाव घेणार होतो. पण घेऊन सांगणार काय?

गाडीत बसताना तिने कपाळ चाचपलं, तिथे टिकली असताना, पुन्हापुन्हा.

तेरा उतरले होते, तेरा वर आले. सार्थकला पुढच्या दोन महिन्यांच्या सहली मिळाल्या, निकिताला बिनदुखण्याची आई, सिंधुबाईंच्या घरचं कोणी गेलं नाही. नवनाथशेठना काही कमी पडलंय हे कळणारही नाही. पैसे सगळ्यांनी सारखे भरले होते. बाकीचं लताबाईंनी भरलं. पांढरी गारगोटी अजून कट्ट्यावर आहे, संध्याकाळपर्यंत तिच्यावर बोटभर धूळ बसली होती.

देवळ्याची गाडी वळली तेव्हा मी सवयीने आत बोट करून डोकी मोजत होतो. मागची काच खाली आली.

"मला मोजलंत का?" तिने विचारलं.