भिंतीवर ठोकलेलं दार

माझा एक नवस आहे. आमची धाकटी एकदा डोंगररस्त्यावर धुक्यात अडकली, फोन लागेना, तेव्हा देवापुढे बसून मी बोलले होते, 'लेकरू सुखरूप येऊ दे. घरातलं शेवटचं माणूस आत आल्याशिवाय मी कधीही दाराला कडी लावणार नाही.' ती आली. तेव्हापासून कडी लावते ती मीच, सगळ्यांच्या शेवटी. मुलं चिडवतात, "आई, चोरालासुद्धा घरातलाच समजशील तू!"

एका रात्री वीज गेली होती. मुलं, पुतणे सगळे माझ्या सासऱ्यांभोवती बसले होते आणि हीच थट्टा चालली होती. मामंजी म्हणाले, "हसू नका. माझ्या ओळखीच्या एका सुतारावर काय वेळ आली ते सांगतो. घडलेलं आहे. त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं."

मामंजींनी सांगितलं तसंच लिहिते.

वर डोंगरात एका म्हातारीचं जुनं लाकडी घर होतं. ती आता गावात लेकीकडे राहायची. लेकीनं घर विकायला काढलं आणि त्याआधी ते नव्यासारखं करायचं काम ह्या सुताराला दिलं. म्हातारीनं त्याला एकच सांगितलं. "सगळं बदल, बाबा. पण मागचं दार राहू दे." तिचा नवरा फार वर्षांपूर्वी, धुक्याच्या दिवसांत, त्या दारानं लाकडं आणायला बाहेर पडला होता. परत आला नाही. शोधणारे थकले, ही थकली नाही. गावात येईपर्यंत तिनं त्या दाराला कधी आतून कडी घातली नव्हती. रात्रभर नुसतं लोटलेलं असायचं.

पण लेक म्हणाली, "त्या भिंतीवर स्वयंपाकाची कपाटं हवीत. गिऱ्हाईक आधी तेच बघतं."

सुतारानं दोघींची मनं राखली. बाहेरून दार तसंच ठेवलं, त्याच्या लोखंडी खिट्टीसकट, छान पॉलिश करून, चौकटीला खिळे ठोकून. आतून मात्र प्लायवूडची भिंत घातली. भिंतीवर कपाटं. येण्याजाण्यासाठी रस्त्याच्या बाजूला नवं दार काढलं. म्हातारीला मोबाइलवर बाहेरचा फोटो दाखवला. "बघा आजी, आहे की नाही दार?" तिनं फोटोवरून हलकेच बोट फिरवलं आणि त्याला तोंडभरून आशीर्वाद दिला.

नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. दुसऱ्या दिवशी सकाळी एक कुटुंब घर बघायला येणार होतं. कपाटांच्या मुठी तेवढ्या बसवायच्या राहिल्या होत्या, म्हणून सुतार संध्याकाळी जीप घेऊन वर गेला. काचा पुसायला बायको बरोबर.

"लोकांची घरं कशी चकचकीत करता हो," ती म्हणाली. "आपली खिडकी मेली दोन वर्षं खडखडतेय."

"तिथं मजुरी कोण देणार?"

"दोन वेळा गिळता ती काय?"

हसत-खिदळत काम उरकलं. तोवर धुकं असं उतरलं की जीपसुद्धा दिसेना. मुक्काम करायचं ठरलं. डबा खाल्ला. अंथरूण घालणार, एवढ्यात मागच्या उतारावर पावलं वाजली.

जड पावलं. ओझं घेतलेल्या माणसाची.

"कोणी आलं वाटतं."

"इथं? ह्या धुक्यात?"

पावलं भिंतीपाशी थांबली. मग बाहेरची खिट्टी उचलली गेली.

टक.

खाली पडली. पुन्हा उचलली गेली. दार ढकललं जात होतं. कपाटांच्या नव्या मुठी खडखडल्या.

"पुढच्या दारानं या!" सुतार ओरडला.

बाहेर सगळं शांत. मग पुन्हा... टक.

सुतार टॉर्च घेऊन बाहेर पडला, भिंतीला धरून मागे गेला. कोपऱ्यावरून उजेड टाकला.

दारापुढे कोणी नव्हतं.

खिट्टी मात्र वर होती. कुणीतरी हातानं धरून ठेवावी तशी. वरच...

तो पळत आत आला. बायकोनं त्याचा चेहरा पाहिला आणि हळूच म्हणाली, "उघडा."

"काय उघडू? दार नाहीये तिथं. भिंत आहे. मीच..."

"आजींना काय सांगितलं होतंत?"

त्यानं नव्या कपाटांकडे पाहिलं.

"सकाळी माणसं येणार आहेत," थोड्या वेळानं तो म्हणाला. "भिंत फोडली तर सौदा मोडेल."

"मोडू दे. अहो... कोणीतरी घरी आलंय."

टक.

सुतारानं पहार उचलली. स्वतःच्या हातांनी बसवलेली कपाटं उतरवली. प्लायवूड फाडलं. खिळे उपटले. एकेक खिळा किंचाळत निघत होता. शेवटचा निघाला. दार आपसूक आत आलं.

धुकं. गारठा. ओल्या लाकडाचा वास.

कोणी नाही...

दोघं पुढच्या दारानं बाहेर पडली आणि जीपच्या काचा वर करून उजाडेपर्यंत बसून राहिली.

सकाळी आत गेली तर खोलीच्या डाव्या कोपऱ्यात, नव्या फरशीवर, लाकडांची एक मोळी. ओली. नीट टेकवून ठेवलेली.

घर बघायला आलेले लोक फुटकी भिंत बघून आल्या पावली परतले. सुतार तडक म्हातारीकडे गेला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच विचारलं, "मोळी कुठं होती रे?"

"डाव्या कोपऱ्यात."

"शेगडीपाशी," ती म्हणाली. मग लेकीकडे वळली. "आता विक घर."

मामंजी थांबले. अंधारात थोरल्या पुतण्यानं घसा साफ केला. "असेल कुणी लाकूडतोड्या. दार उघडं दिसलं, ठेवली असेल."

"असेलही," मामंजी म्हणाले. "पण ती शेगडी सुतारानं पहिल्याच दिवशी उपटून भंगारात दिली होती. धुराड्याचं भोक बुजवलं होतं. वर फरशी घातली होती. तिथं कधी शेगडी होती, हे त्या लाकूडतोड्याला... कुणी सांगितलं?"

झोपायला जाताना तोच पुतण्या मला म्हणाला, "काकू, कडी तूच लाव. सगळे आलेत का बघून."

मला त्या गोष्टीची भीती वाटत नाही. उशिरा का होईना, तो माणूस घरी पोचला, असंच मी धरून चालते. तुम्हालाही हात जोडून एवढंच सांगणं आहे. जुनं घर घ्याल, नवं कराल, तर त्याच्या कुठल्या दारानं कोण बाहेर गेलं होतं, ते आधी विचारा. आणि रात्री कडीला हात घालण्याआधी क्षणभर थांबून ऐका. कोणी यायचं राहिलं असेल, तर दार नुसतं लोटून ठेवा.