दोन गाण्यांमधली जागा

रुग्णालयात लोकांचे कान तपासणं हे माझं काम. जाड भिंतींच्या चिमुकल्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि सांगायचं, “आवाज आला की बटण दाबा.” गंमत म्हणजे काही जण आवाज नसतानाही दाबतात. मी त्यांना रागवत नाही. शांतता फार वेळ ऐकली की कान आपलंच काहीतरी विणत बसतो. हे मला चांगलं ठाऊक आहे, एवढं आधीच सांगून ठेवते.

आईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, “ऑपरेशन करावं लागेल. जिवाला धोका नाही. आवाजाचं मात्र सांगता येत नाही.” आई घरी आली. दारात चपला काढताना म्हणाली, “मोठीचं बाळ यायचंय. त्याला अंगाई कोण म्हणणार? तू? तुझा आवाज ऐकून ते आल्या पावली परत जायचं.”

ताईला सातवा लागला होता. आम्ही ठरवलं, आईच्या अंगाया रेकॉर्ड करायच्या आणि सीडी करून ताईकडे पाठवायची.

आई शिवणकाम करायची आणि शिवतानाच गायची. खुर्चीत बसवून माईक समोर धरला, तर एक ओळ धड येईना. “पाय थांबले की गाणं थांबतं गं,” ती म्हणाली. शेवटी मशीनमधला दोरा काढला, सुई काढली, आणि ती नुसतंच पायडल मारत गायली. खटखट, खटखट, आणि त्यावर तिचा आवाज, काचेच्या पेल्यावर नख वाजावं तसा स्वच्छ.

*पापणीच्या दारी झोप आली पाहुणी*
*बाळाच्या लोचनी राहू द्या गं*

पहिली सीडी लावली आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आवाज जाडाभरडा, संथ, ओढल्यासारखा. “ही मी नाही,” आई म्हणाली, “हा तुझा मामा गातोय. तोही जेवण झाल्यावर.”

सीडी मी घेतल्या होत्या कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडून. त्याला आम्ही तबकडीवाला म्हणायचो. त्याने फाइल पाहिली आणि कपाळाला हात लावला. “कान तपासता ना तुम्ही? रेकॉर्डिंग एका वेगाने केलंय, सीडी दुसऱ्या वेगाने वाजते. आधी वेग बदलून घ्या, मग भरा.”

दुसऱ्या सीडीत आई परत आली, पण उंच सुरावर टिचक्या वाजत होत्या, तव्यावर पाणी शिंपडल्यासारख्या. रेकॉर्डिंगची पातळी चढी होती. ती उतरवली. मशीनची खटखट गाळून बघितली, तर गाणं पोरकं वाटायला लागलं, म्हणून ती परत घातली. तबकडीवाल्याचं ऐकून सीडी सगळ्यात कमी वेगावर भरली. ही सीडी नितळ आली. मी खूश होऊन डोळे मिटून ऐकत बसले.

पहिली अंगाई संपली. दोन गाण्यांच्या मध्ये सॉफ्टवेअर दोन सेकंदांची मोकळी जागा आपणहून टाकतं. तिथे काहीच रेकॉर्ड केलेलं नसतं. नुसती कोरी शांतता.

त्या शांततेत मशीन चालू होती.

खटखट, खटखट. मग दुसरी अंगाई.

मी फाइल उघडून पाहिली. स्क्रीनवर गाण्याच्या जागी डोंगर-दऱ्या होत्या आणि मधल्या जागी सरळ रेघ. सीडीवरून ती जागा परत कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. तिथेही सरळ रेघ. म्हणजे आवाज नव्हता. पण सीडी लावली की होता.

नवी सीडी भरली. आता मशीनच्या मागे कुणीतरी गुणगुणत होतं. त्याच्या पुढच्या सीडीत शब्द आले. बाईचा आवाज, खरखरीत, खादीच्या कापडावरून हात फिरवल्यासारखा. तो आईचा नव्हता. एका जागेत एक तुकडा, पुढच्या जागेत त्याच्या पुढचा.

*सुई हरवली गं, दोरा हाती राहिला*
*त्यानेच शिविला उरला दिस*

“ही ओवी तू कधी म्हटली आहेस का?” मी आईला विचारलं. मी ओळी म्हणून दाखवल्या, कुठे ऐकल्या ते सांगितलं नाही.

“नाही बाई. पण चांगली आहे. कुणाची?”

दुसऱ्या दिवशी कामावर मी त्या चिमुकल्या खोलीत स्वतःच बसले आणि सहकारिणीकडून माझेच कान तपासून घेतले. कान ठणठणीत होते. आवाज नसताना मी एकदाही बटण दाबलं नव्हतं.

सीडी घेऊन तबकडीवाल्याकडे गेले. त्याने हेडफोन लावले. नेहमी ऐकता ऐकता चहा पिणारा माणूस, त्याचा कप ओठांपाशीच थांबला. मग त्याने हेडफोन काढून नीट घडी घालून ठेवले.

“गॅप शून्य करून टाका,” तो म्हणाला. “गाण्याला गाणं चिकटेल, पण मध्ये जागाच राहणार नाही.”

“काय ऐकलंत?”

“मी कशाला काय ऐकू? गॅप शून्य करा.” त्या सीडीचे पैसे त्याने परत दिले, मी मागितले नव्हते तरी.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी कॉम्प्युटरपुढे बसले. चौकटीत दोनच्या जागी शून्य टाकलं. शेजारच्या खोलीत आई बॅग भरत होती आणि बारीक आवाजात गात होती, उसनं आणलेलं भांडं घासूनपुसून परत करावं तसं. माझं बोट तिथेच थबकलं. उद्या या घरातून आवाज जायचा. आणि आज मी इथला एक आवाज, कुणाचाही असो, आपल्या हाताने पुसायचा?

मी शून्य खोडलं. पुन्हा दोन टाकले. तशीच सीडी भरून ताईला पाठवली, तिची एक प्रत घरी ठेवली.

ऑपरेशन नीट झालं. नंतर आई पाटीवर लिहून बोलायची. लिहून टोमणे मारताना वेळ लागतो, म्हणून चिडायची. एकदा पाटीवर लिहिलं, ‘मीठ’, आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्यात सगळं आलं.

मग डॉक्टरांनी सांगितलं, आता बोलून बघा. वॉर्डच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. आईने ओठ उघडले, मिटले, परत उघडले.

“उशी जरा वर घे,” ती म्हणाली.

आवाज आला होता. खरखरीत, पण आला होता. मी उशी वर घेतली आणि तिच्या पांघरुणात तोंड खुपसून पोटभर रडले. कितीतरी दिवसांचा दगड छातीवरून उतरला. आईने माझ्या केसांतून हात फिरवला आणि सहज, हळूच गुणगुणायला लागली.

*सुई हरवली गं, दोरा हाती राहिला…*

मी मान वर केली नाही. खादीच्या कापडावरून हात फिरवल्यासारखा आवाज. मी तो ओळखत होते.

घरी येऊन सीडी लावली. अंगाई, मग शांतता, मग अंगाई. मधल्या जागा कोऱ्या झाल्या होत्या. स्क्रीनवरही रेघ, कानातही रेघ. कुणीतरी आपलं सामान आवरून गेल्यासारखं वाटलं. जाऊन राहिलं तेही आईच्या गळ्यात, म्हणजे आमच्याच घरी, असं म्हणून मी विषय मिटवला. आई बोलत होती. मला आणखी काही नको होतं.

ताई बाळंतपणाला आली. मुलगी झाली. फोनवर भावोजी म्हणाले, “सीडीवरच्या सासूबाई गोड गातात, पण या नव्या सासूबाई जास्त खऱ्या वाटतात.” आई हसली, तेही खरखरीत.

परवा सकाळी ताई आतल्या खोलीत दुपटी वाळत घालत होती. आई खुर्चीत बसून नातीला मांडीवर घेऊन गात होती. कोपऱ्यात शिलाई मशीन झाकण घालून बंद, सीडीही लावलेली नव्हती. मी भाजी निवडत ऐकत होते आणि मनात म्हणत होते, झालं सगळं चांगलं झालं.

एक अंगाई संपली. आईने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

बाळ जागंच होतं.

पुढची अंगाई सुरू झाली. अगदी हळू. पापणीच्या दारी. काचेवर नख वाजावं तशी स्वच्छ, आईच्या जुन्या आवाजात.

आईच्या ओठांशी पेला होता. ती घोट घोट पाणी पीत होती. खुर्चीखाली तिचे पाय पायडल मारल्यासारखे वर-खाली होत होते.

मग तिने मान डोलावली, पेला खाली ठेवला आणि दुसऱ्या ओळीपासून आपल्या खरखरीत आवाजात गाणं पुढे नेलं.

आतून ताईचा आवाज आला, “आई, पाणी पिता पिता गाऊ नको गं. ठसका लागेल.”