न जळलेली नळी

त्याची-माझी पहिली भेट झाली तेव्हा त्याने माझा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला... आणि तो गुन्हा मी केलेलाच नव्हता!

झालं असं. प्रयोगशाळेतली एकुलती एक क्लायस्ट्रॉन, म्हणजे सूक्ष्मलहरी तयार करणारी नळी, लहरी देईना. लहरी मोजणाऱ्या मीटरचा काटा शून्यावर ढिम्म. बाई – आमच्या विभागप्रमुख – दारातूनच कडाडल्या, "रिपेलरला व्होल्टेज द्यायच्या आधी बीम चालू केला कुणी? जाळली ना नळी?"

मी तोंड उघडणार, तोच काचेपलीकडच्या शेजारच्या खोलीतून स्क्रू ड्रायव्हर मागायला आलेला एक उंचाडा म्हणाला, "मी केला, बाई. चुकून हात लागला."

"मग टाका भंगारात. दुसरी नळी मिळणार नाही. हिचा प्रयोग बंद!" आणि बाई चालत्या झाल्या.

माझी एवढी मेहनत पाण्यात... आणि हा शहाणा माझ्याकडे बघून हसत होता! जणू मोठा उपकारच केलाय. भीक नको पण कुत्रा आवर, असं झालं मला.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला मध्ये तोंड घालायला?"

"अहो, तुम्हाला बोलणी बसू नयेत म्हणून—"

"म्हणजे तुम्हालाही वाटलं, मीच जाळली?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल. गोड दिसत होता, याचा मला आणखीच राग आला.

"इकडे ये!" मी सरळ अरे-तुरेवर आले. "हा दुसरा मीटर बघ. बीमचा करंट व्यवस्थित वाहतोय. इलेक्ट्रॉन पुढे जातात, रिपेलर त्यांना मागे ढकलतो. नेमक्या वेळी परतले तर लहरी उठतात, अवेळी परतले तर काही नाही. नळी ठणठणीत आहे, रिपेलरचं व्होल्टेज तेवढं जुळत नाहीये. फिरव ते बटण. हळू!"

त्याने दोन बोटांनी बटण फिरवलं... माझी नजर काट्यावर, आणि त्याची – माझ्यावर!

"काट्याकडे बघ."

"बघतोय की..."

काटा थरथरला... आणि झपकन वर चढला. मी उडीच मारली. मग राग आठवला.

"जा आता. बाईंना सांग, खोटं बोललो म्हणून."

तो गेला. बऱ्याच वेळाने परत आला.

"नळी?"

"राहिली. तुझा प्रयोगही."

"आणि तुझं काय?"

"त्यांनी विचारलं, खोटं का बोललास. मग... खरं सांगून टाकलं."

"काय खरं?"

"की रोज काचेपलीकडून तुला बघतो... आणि तू मला फार आवडतेस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाईंना सांगितलंस? माझ्या आधी?"

"त्यांनी विचारलं... तू कुठे विचारलंस?"

"मग आता विचारते. सांग. आणि चाचरू नकोस!"

त्याने सांगितलं – चाचरतच. मी भयंकर चिडलेली होते. चिडूनच मी हो म्हटलं.