उजवी कुणाची

भात झोडून झालं होतं. खळी रिकामी पडली होती आणि शेतांतून वाल वर आला होता. दहिवलीच्या पुढच्या त्या गावात चौकी म्हणजे पत्र्याची एक खोली आणि तिच्यापुढे पडवी, एवढंच. आबाजी हवालदार पडवीत कोवळ्या उन्हात बसले होते आणि पदू न्हावी त्यांची दाढी करत होता.

हवालदारांच्या डाव्या गालावर वाटाण्याएवढी चामखीळ होती. तिथे आला की पदूचा वस्तरा हळू व्हायचा, तिला वळसा घालायचा आणि मग हनुवटीकडे उतरायचा.

"ही चामखीळ तुमची नाय हवालदार, माझी हाय," पदू म्हणाला. "जपतो मीच. डोळं मिटून करून दाखवू?"

"वस्तऱ्याकडे बघ."

"बघतोय की. कोंडाजीची इंदूबाई गिरणीवर लई जाती म्हनं आजकाल. भात तर सगळ्यांचं भरडून झालं. आता काय भरडती, आं?"

आपल्याच विनोदावर पदू खुसखुसला. हवालदार हसले नाहीत. गिरणीवरचा नामा तरणा होता, एकटा होता, आणि चौकीच्या पडवीत बसणाऱ्याला गावातलं बरंच काही न विचारता कळतं.

डावा गाल झाला होता, उजव्यावर अजून साबण होता, तेवढ्यात कोंडाजीच बांधावरून येताना दिसला. तो धावत नव्हता. पडवीखाली उभा राहिला आणि म्हणाला, "इंदू काल तिनीसांजेपासनं घरी नाय."

"भांडण झालं होतं?"

"नाय. मला ठावं हाय समदं, हवालदार. पोटुशी हाय ती. कुनाचं का असंना. परत येऊ दे, एवढंच सांगाय आलोय."

हवालदारांनी उजव्या गालावरचा साबण तसाच पुसला.

इंदूबाई देवळापर्यंत गेलेली लोकांनी पाहिली होती. देवळामागे वाट फुटत होती. एक फाटा उल्हास नदीकडे, दुसरा डोंगराकडे. सकाळी गुरं जाऊन वाटेवरची पावलं मोडली होती. माणसं काठ्या घेऊन जमली, पण हलेनात. आधी कौल लावायचा, देवी सांगेल तिकडे जायचं, अशी तिथली रीत. हवालदार फलटणकडचे. त्यांचा पावलांवर विश्वास होता, कौलावर नव्हता. पण माणसं हवी होती.

"उजवी पाकळी पडली तर नदी, डावी पडली तर डोंगर," असं बाहेर ठरलं. हवालदार एकटेच आत गेले.

भागूबाई गुरवीण पूजा करत होती. गाभाऱ्यात तेलाचा आणि ओल्या दगडाचा वास होता. तिने तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या आणि हात जोडले. हवालदार देवीसमोर उभे होते. दोन्ही पाकळ्या बराच वेळ चिकटून राहिल्या. मग एक सुटली आणि फरशीवर पडली.

हवालदारांनी ती उजव्या हाताने उचलली. बर्फासारखी गार होती.

"उजवी," ते म्हणाले.

"कुनाची उजवी?" भागूबाईने विचारलं.

पण ते दारातून बाहेर पडले होते. "उजवी!" असं त्यांनी मोठ्याने सांगितलं आणि सगळी माणसं हाका मारत नदीकडे उतरली. चालताना हवालदारांच्या उजव्या हाताला मुंग्या आल्या होत्या. पाकळी टाकली तरी त्या गेल्या नाहीत.

डोहाच्या कडेला करंजाच्या मुळांत ती सापडली. हिरवं लुगडं, हातात काकणं. चेहरा शांत होता. माणसांनी तिला वाळूवर आणून ठेवलं.

कोंडाजी जवळ बसला. बघत राहिला. मग म्हणाला, "ही इंदू नाय."

"कोंडाजी..."

"नाकातली चमकी बघा. इंदूची डाव्या बाजूला. हिची उजवीकडं."

"चमकी बदलता येते."

"आन् गोंदण?" कोंडाजीने तिचा उजवा हात उचलून दाखवला. मनगटावर तुळस गोंदलेली होती. "हे डाव्या हातावर हाय तिच्या. त्ये बदलता येतं काय, हवालदार?"

हवालदार वाकले. कपाळावरची खोक, वाकडी करंगळी, सगळं इंदूबाईचंच होतं. फक्त बाजू तिच्या नव्हत्या. पाण्यात वाकून बघणाऱ्याला आपलं तोंड दिसावं, तशी ती दिसत होती.

कोंडाजीला तिथेच बसवून ते देवळात आले.

"मी इचारलं न तुमास्नी," भागूबाई शांतपणे म्हणाली. "कौल देवीच्या अंगानं बघायचा. ती तुमच्याकडं तोंड करून बसलीय. तुमची उजवी ती तिची डावी."

म्हणजे डोंगर.

देवळाच्या पायरीवर नामा बसला होता. पाय काट्यांनी फाटलेले.

"पळून चाललो व्हतो आमी. काल ती घसरली, पाय मोडला," तो म्हणाला. "वर कोळसेवाल्यांच्या खोपटात हाय. मी भ्यालो, खाली उतराय धजलो नाय. सकाळी तुमच्या हाका ऐकू आल्या तशी ती म्हनली, आता येतील. मग हाका लांब गेल्या. तरी ती म्हनत व्हती, येतील रं. शेवटी मीच उतरलो."

हवालदार माणसं घेऊन पळतच चढले. उजवा हात आता खांद्यापर्यंत बधिर झाला होता.

खोपटात उन्हाची तिरीप होती. चुलीत निखारे होते.

इंदूबाई कुडाला टेकून बसली होती. चमकी डावीकडे. गोंदण डाव्या मनगटावर. मोडलेल्या पायाला नामाच्या मुंडाशाची पट्टी.

हवालदारांनी उजव्या हाताने नाडी पाहिली. काहीच कळेना. मग डाव्याने पाहिली. नाडी नव्हती.

अंग अजून ऊन होतं.

तिचे केस ओले होते. टोकांवरून पाणी गळत होतं आणि खालची कोरडी माती भिजत होती. जवळपास ना झरा, ना मडकं.

झोळी करून तिला खाली आणलं. वाटभर पाणी टपकत होतं.

नदीवर कोंडाजी एकटाच होता. त्याच्यासमोरच्या वाळूत बाईएवढा ओला खळगा होता, बाकी काही नाही.

"ती उठली नाय," तो म्हणाला. "म्या नजर हलवली नाय. नुसती कमी कमी होत गेली."

झोळी खाली ठेवली. त्याने तिच्या नाकाला हात लावला. आधी डावीकडे, मग उजवीकडे. "ही माझी," तो म्हणाला.

पुढे चौकशी झाली. पाय मोडून डोंगरात मेली, असं ठरलं. नदीवरच्या बाईबद्दल कोणी बोललं नाही. वाल काढणीला आला.

एका सकाळी पदू आला. पडवीत ऊन होतं. तो आता फारसा बोलत नसे. त्याने साबण लावला आणि शेताकडे बघत वस्तरा चालवला. डाव्या गालावर वस्तरा हळू झाला. नेहमीच्या जागी त्याने वळसा घातला आणि तो हनुवटीकडे उतरला.

मग सफाईने उजव्या गालावरून फिरला.

पदूचा हात थांबला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय रे?" हवालदारांनी विचारलं. त्यांना काही जाणवलं नव्हतं.

मांडीवरच्या टॉवेलवर रक्ताचे थेंब पडत होते, आणि साबणाच्या फेसात वाटाण्याएवढं काहीतरी होतं.