जीव भांड्यात पडला

बरणीत पाणी नव्हतं, शेवाळं नव्हतं. काच मात्र लख्ख घासलेली!

मंगळावरच्या त्या वसाहतीत मोठी माणसं चाळीस आणि मूल एकच, चारू. खेळायला कुणी नाही, भांडायलाही नाही. पृथ्वीवरून निघताना आबांनी, तिच्या आजोबांनी, देवरुखच्या तळ्यातलं शेवाळं बरणीत घालून दिलं होतं. तीच तिची मैत्रीण, सगळ्या गप्पा तिच्याशीच.

"दामू! बरणी कुणी घासली?"

"मी," यंत्रमानव म्हणाला. "आईंची सूचना आहे. शेवाळं दिसलं, की खरवडून काढ."

आई बोलली होती न्हाणीघरातल्या निसरड्या फरशीबद्दल! पण दामू पडला सांगकाम्या. खरवडलेला तपकिरी चोथा ताटलीत वाळत होता, आणि संध्याकाळी तो कचऱ्याच्या भट्टीत जाणार होता. चारूला रडू फुटलं. आता बोलायचं कुणाशी?

आबा पाणवनस्पतींचे अभ्यासक. तिनं घडलं ते सगळं पृथ्वीवर त्यांना कळवलं आणि विचारलं, "आबा, ते मेलं का हो?" निरोप जाऊन उत्तर यायला अर्धा तास लागायचा. तेवढा वेळ ती ताटली मांडीवर घेऊन बसली.

"घोटाळा शब्दाचा आहे, पोरी," आबांचं उत्तर आलं. "ओल्या भिंतीवरच्या मखमलीलाही आपण शेवाळं म्हणतो. तिला इवली पानं असतात. तुझं आहे शैवाल (मूळ, खोड, पान नसलेला साधा सजीव). त्यातलं हे स्पायरोगायरा. भट्टी थांबव आणि सूक्ष्मदर्शकातून बघ."

पूर्वी तिला डब्यांच्या आगगाडीसारखा धागा दिसायचा. प्रत्येक डबा म्हणजे एक पेशी, आत हरितलवकाची (प्रकाशात अन्न तयार करणाऱ्या भागाची) वळणदार हिरवी फीत. आज दोन धागे शेजारी चिकटले होते, मधे शिडीसारख्या पायऱ्या. एका धाग्याचे डबे रिकामे, दुसऱ्याच्या प्रत्येक डब्यात एक तपकिरी दाणा! तिनं पाहिलं तसं कळवलं. पुन्हा अर्धा तास.

"शाब्बास! बरे दिवस असले, की धागा तुटतो आणि तुकडे आपापले वाढतात. पाणी आटू लागलं, की दोन धागे जवळ येतात, मधे नळी होते आणि एकातला जीवरस दुसऱ्यात जातो. हे संयुग्मन (दोन पेशींचं एक होणं). त्यातून जाड कवचाचा दाणा होतो, युग्मबीजाणू. तो कोरड्यातही तग धरतो. महिनाभर तुम्हाला पाणी मोजून मिळत होतं ना? बरणीतलंही आटलं असणार, म्हणून दामू खरवडण्याआधीच धाग्यांनी तयारी केली होती. दाणे पाण्यात घाल आणि धीर धर."

चारूचा जीव भांड्यात पडला. तसं ती मोठ्यानं म्हणालीही.

"कुणाचा जीव? कुठल्या भांड्यात?" दामूनं विचारलं.

आठवडे गेले. चारू गढूळ पाण्याशीच बोलायची. उत्तर नाही, हिरवं काही नाही. कधीकधी तिला फार एकटं वाटायचं. दामू मग शेजारी येऊन बसायचा. हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

एका सकाळी त्यानं तिला हलवून उठवलं. "चारू, जीव भांड्यात पडला आहे!"

सूक्ष्मदर्शकाखाली एका दाण्याचं कवच तडकलं होतं, आणि आतून हिरवा धागा डोकावत होता. चारू हसता हसता रडली.

पुढच्या यानातून दोन मुलं येणार होती. चारूनं आणखी दोन बरण्या काढून पाणी भरलं आणि दामूला बजावलं, "यांना हात लावायचा नाही हं!"