पायाच्या खड्ड्यातली थाप

साकीनाक्याच्या चढावर सहदेव कुंभाराची पत्र्याची शेड होती. एकोणीसशे अडुसष्टच्या हिवाळ्यात शेजारच्या माळावर कारखान्याचा पाया खणायला घेतला, तेव्हा त्याची बायको मालन जाऊन तीन वर्षं झाली होती. चाकावर मडकं घडवायचा तो, मग लाकडी थापटण्याने त्याला गोलाई द्यायची ती. आता दोन्ही कामं एकटा सहदेव करी, आणि मडकी भाजायचा आवाही तोच पेटवी.

एका दुपारी पायाच्या कामावरचा मुकादम रामनाथ मोठं खापर घेऊन आला.

"बारा फुटांवर निघालं, सहदेव. कॉलेजातले एक मास्तर बघून गेले. दीड-दोन हजार वर्षांचं असेल म्हणाले."

खापर तांबडं, पातळ, सुबक होतं. सहदेवने आतून बोट फिरवलं आणि हात थबकला. काठाखाली अंगठ्याचा ठसा होता. ठशावरून तिरकी चीर गेली होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मालनचा अंगठा विळीवर कापला होता, आणि तेव्हापासून तिच्या प्रत्येक मडक्यात हीच चीर उमटे.

भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. मालनला त्याने स्वतःच्या हाताने अग्नी दिला होता. तरी त्याने ठशावर आपला अंगठा टेकवला, आणि संध्याकाळ होईपर्यंत उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी मजूर जेवायला बसले तसा तो शिडीने खड्ड्यात उतरला. वर लख्ख ऊन होतं. खाली गारवा होता, आणि नुकत्याच मळलेल्या मातीचा वास.

थप. थप. थप.

आवाज मातीच्या भिंतीमागून येत होता.

"रामनाथ, पलीकडे कोण काम करतंय रे?" त्याने ओरडून विचारलं.

"पलीकडे कोण असणार? नुसता कातळ आहे. वर ये, उद्या काँक्रीट ओतायचंय."

"दोन दिवस थांबव ना रे. पाया पडतो तुझ्या."

"शेठ ऐकेल काय माझं?"

सहदेवने भिंतीला कान लावला. माती गालाला थंड लागली.

"मालन?"

थाप थांबली.

मग अगदी कानाशी, कामात गढलेल्या बाईचा आवाज आला.

"एवढ्यात आवा पेटवू नका हां. मी अजून ओलीच हाय."

सहदेव भिंतीपासून हलेना. रामनाथने त्याला हाताला धरून वर काढलं.

सकाळी खड्ड्यात काँक्रीट पडलं. शेवटची पाटी रिकामी होईस्तोवर सहदेव काठावर उभा होता.

त्याने आवा पुन्हा कधी पेटवला नाही. कच्ची मडकी तो फळीवर नुसती मांडून ठेवी. चैत्र आला, पत्र्याला हात लावण्याची सोय राहिली नाही, पण एकही मडकं वाळलं नाही. बाहेरून बोट टेकवलं की माती आत दबे, आणि क्षणभराने, आतून कुणीतरी बोट टेकवावं तशी, हळूच परत वर येई.