नवलच्या नावाची घागर

शेहेचाळीसची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. धानोऱ्याच्या कुंभाराने ओट्यावर नव्या घागरी आणून टाकल्या होत्या आणि आई एकेक घागर बोटाने वाजवून बघत होती. आमच्याकडे आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, वर आंबा ठेवतात. वडिलांची दरवर्षी असे. नवलची, म्हणजे पलटणीत गेलेल्या माझ्या धाकट्या भावाची, आईने सिंगापूर पडल्यानंतरच्या दुसऱ्या आखाजीला भरली. तेव्हा हाती फक्त 'बेपत्ता' एवढी तार होती. बायकांनी तिचं डोकं खाल्लं, पोर तिकडे तहानेलं भटकत असेल म्हणून.

लढाई संपल्यावर कळलं, नवल जपान्यांच्या कैदेत वारला. कधी, ते मात्र कळलं नाही.

तेव्हापासून आईला एकच घोर होता. आपण घागर भरली तेव्हा पोर जिवंत होतं का? जित्या माणसाची घागर भरली म्हणजे आपणच त्याला पलीकडे ढकललं, असं ती धरून बसली होती. मी पडलो शाळामास्तर. मडक्यातलं पाणी समुद्र ओलांडतं तर पोस्ट बंद करायला हरकत नाही, असं मी तिला चिडवायचो. ती हसायची नाही.

खांडबाऱ्याचा रायसिंग कैदेत एका बेटावर नवलच्याच छावणीत होता. तो सुटून आल्याचं कळताच आईने त्याला बोलावणं धाडलं. मी त्याला शिवेवरच गाठलं. आम्ही निंबाखाली बसलो.

"माय तुले एकच इचारी," मी म्हणालो. "त्रेचाळीसनी आखाजीले नवल जित्ता व्हता का?"

तो काडीने मातीत रेघा ओढत राहिला.

"व्हता. त्या बेटवर पानीना वांधा व्हता, मास्तर. वाटीभर भेटे. एक सांजले चंद्रनी बारीक कोर दखायनी. नवल म्हणे, आज आखाजी शे, मायनी मन्ही घागर भरी. तव्हयपाईन त्यानी पानी पिनं सोडं. म्हणे, तहान नही, पोटभर पिनू." रेघा थांबल्या. "त्यानी वाटी तो माले देये. म्हणीसन मी आज आठे शे."

त्याने काडी मोडली.

"त्याना तोंडले वाळाना वास ये. त्या बेटवर वाळा कोठून?"

"ताप व्हयी त्याले," मी म्हणालो.

"व्हयी."

मग मी हात जोडले. नवल आखाजीच्या आधीच गेला, एवढंच आईला सांग म्हणालो. ज्याच्या वाटणीचं पाणी पिऊन तो जगला, त्याच्या आईशी मी त्याला खोटं बोलायला लावत होतो. तो धूळ झटकून उठला.

"माघमा गया, माय," घरी आल्यावर तो जमिनीकडे बघत म्हणाला.

आईने डोळे मिटले. तिचा चेहरा इतका मोकळा मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. ती आत गेली आणि पाहुण्यासाठी माठातलं पाणी घेऊन आली. उन्हाळ्यात आमच्या पाण्यात वाळ्याची जुडी असतेच. रायसिंगने लोटा तोंडाशी नेला आणि वास येताच झटकन मागे घेतला. पाणी सदऱ्यावर सांडलं. त्याने लोटा खाली ठेवला.

"हाऊ वास तू वळखस," आई म्हणाली.

रायसिंगला दुसऱ्यांदा खोटं बोलता आलं नाही. तो तोंड झाकून रडला आणि निंबाखाली मला सांगितलं ते सगळं त्याने आईला सांगितलं. मला माझीच लाज वाटली.

आखाजीला आईने तीन घागरी भरल्या. वडिलांची, नवलची आणि आणखी एक.

"हाई कोनी?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

दिवसभर वारा भाजत होता. सांजेला मी बघितलं तर दोन घागरी पाझरून ओल्या झाल्या होत्या, तरी गळ्यापर्यंत भरलेल्या. तिसरी आतून कोरडी होती. तिच्याखालची जमीनही कोरडी.

आई तिच्याशेजारी बसली होती. सकाळपासून तिने पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. मी लोटा पुढे केला.

"तहान नही, बेटा. पोटभर पिनू."

तिच्या तोंडाला वाळ्याचा वास येत होता.

वाळ्याची जुडी मी रायसिंग गेला त्याच दिवशी उकिरड्यावर फेकली होती.